ओरलला गप्प बसलीस म्हणे

परंदवडी,
कार्तिक वद्य पंचमी

चि. छकुलीस,


फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. "हो नाना, बरं नाना" करतेस आणि आजीकडे फोन द्यायला सांगतेस. म्हणून कागद घेतला. सगळं पत्र वाच, अर्ध्यात घडी घालून उशाखाली ठेवू नकोस.

काल दूध घालायला डेअरीवर गेलो, तर वरच्या आळीच्या वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमची पोरगी कॉलेज सोडून एमआयडीसीत लाइनवर लागणार म्हणे." त्यांची मुलगी बेगडेवाडीहून लोकलनं तुझ्याच कॉलेजला जाते, तेव्हा बातमी अगदीच हवेतली नसणार. वर आणखी कळलं की प्रॅक्टिकलच्या ओरलला बाईंनी डेन्सिटी म्हणजे काय विचारलं आणि तू टेबलाकडे बघत उभी राहिलीस. बाईंनी परत विचारलं. तू तशीच. मग त्यांनी पुढचा रोल नंबर पुकारला.

डेन्सिटी! अगं, दर वर्षी पेरणीच्या आधी आजीच्या शेजारी बसून दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ कोण विरघळवतं? "साध्या पाण्यात अर्धवट भरलेला दाणा पण बुडतो, मिठानं पाणी जड होतं म्हणून तो वर येतो," हे आजीला पाचवीत असताना कुणी समजावलं? तेव्हापासून आजी पोचट दाणे काढताना तुझं नाव घेते. आणि तू बाईंसमोर गप्प! येत नव्हतं म्हणून गप्प बसली असतीस तर मी हे पत्र लिहिलं नसतं. येत असून गप्प बसलीस, ते मला सोसत नाही. गावच्या यात्रेत माईक तुझ्या हातातून काढून घ्यावा लागायचा, तीच ना तू?

लाइनवरचं काम हलकं आहे असं मी म्हणणार नाही. माझा जन्म त्यातच गेला आणि तुमची घरं त्यावरच उभी राहिली. पण तुला काम पाहिजे म्हणून तू निघालेली नाहीस. वर्गात कुणीतरी हसेल म्हणून निघालीस. आणि ज्या शॉपमध्ये जाशील तिथंही क्वालिटीचा रिपोर्ट इंग्रजीतच असतो, हे मी तुला सांगायला पाहिजे का?

माझी गोष्ट तुझ्या वडिलांना थोडी माहीत आहे, तुला नाही. आम्हाला ए-बी-सी-डी पाचवीला भेटली. आयटीआय करून मी फिटर लागलो. मशिनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय का बेल्ट सैल झालाय ते सांगायचो. एकदा साहेबांनी बोलावलं, सुपरवायझरची जागा घे म्हणाले. पगार वाढणार, जनरल शिफ्ट मिळणार. पण पाळी संपली की रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा. मी म्हणालो, "साहेब, मला जमायचं नाही." घरी कुणाला बोललो नाही. ज्याला ती जागा मिळाली त्याला मी स्वतः स्पॅनर धरायला शिकवलं होतं. पुढं केव्हातरी त्याचं रजिस्टर उघडं पडलेलं दिसलं. त्यात काय होतं? 'मशिन नंबर फोर स्टॉप्ड. बेल्ट ब्रोकन. न्यू बेल्ट फिटेड.' एवढंच! एवढ्याला मी घाबरलो होतो. रिटायर होईपर्यंत फिटरच राहिलो. आता त्याचं काही नाही, पण रात्री झोप लागली नाही की ते रजिस्टर आठवतं.

तुमचं तसं नाही. आपल्याच भागातले प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना त्यांनी २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. म्हणजे तू बारा वर्षं इंग्रजी शिकलीस. शिकलीस म्हणजे रिकाम्या जागा भरल्यास, जोड्या लावल्यास, गाइडमधला निबंध उतरवलास. तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही आणि त्याला मार्कही नव्हते. हा दोष तुझा नाही. पण आता तोंड तुलाच उघडावं लागणार.

आणि हो, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाल्या क्लासचे पैसे कुणाकडे मागू नकोस. असला क्लास करून फाडफाड बोलायला लागलेला माणूस मी अजून पाहिला नाही. त्यापेक्षा तुझ्या जर्नलकडे बघ. दिवाळीत तू झोपलेली असताना मी ते चाळलं, रागावू नकोस. अक्षर तुझं आहे, वाक्यं कुठल्या तरी सिनियरची आहेत, आणि त्याची चूकही तू जशीच्या तशी उतरवलीस. प्रयोग तू केलास, तर ऑब्झर्व्हेशन तुझ्या शब्दांत लिही. मिठाच्या पाण्याचंच घे: 'वी पुट थ्री हंड्रेड ग्रॅम्स ऑफ सॉल्ट इन टेन लिटर्स ऑफ वॉटर. द लाइट सीड्स कम अप. वी थ्रो देम अवे. द हेवी सीड्स गो डाऊन.' हे माझ्यासारख्या पाचवीवाल्यानं लिहिलंय. ते 'द' कुठं लावायचं ते मला अजून नीट कळत नाही, आपल्या भाषेत असलं काही नाहीच. पण ते चुकलं म्हणून बी तरंगायचं राहत नाही. तुला मात्र ते आलं पाहिजे, लेखी पेपरात त्याचे मार्क जातात. आणि 'डिडन्ट वेन्ट' लिहितेस ते आधी बंद कर. 'डिड' आला की पुढचं क्रियापद साधं ठेवायचं. एवढं मला कंपनीतल्या एका अप्रेंटिसनं शिकवलं होतं.

आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीचं कर्त्याला चिकटून. म्हणून आपला माणूस मनात मराठी वाक्य पुरं करतो, मग ते उलटवायला बसतो आणि तोवर समोरचा निघून जातो. त्यावर उपाय म्हणजे लहान वाक्य. कोण, काय करतं, संपलं. 'बिकॉज' नंतर जोडता येतो. एखादी बातमी आधी मराठी पेपरात वाचायची, मग तीच इंग्रजी पेपरात मोठ्यानं वाचायची, अर्थ अर्धा आधीच कळलेला असतो. मोबाइलकडून निबंध लिहून घेत असशील तर घे बापडी, पण त्यातला जो शब्द तुला मोठ्यानं वाचता येत नाही तो खोडून टाक.

पाठांतराला नावं ठेवू नकोस. अर्थ कळायच्या कितीतरी आधी हरिपाठ तुझ्या तोंडात बसला होता, देवळात विणेकऱ्याच्या मागं म्हणून म्हणून. इंग्रजीचंही तसंच. गोपाळ कृष्ण गोखले कोकणातल्या कोतळूकचे, घरची गरिबी. इंग्रजी पुस्तकांतले उतारेच्या उतारे ते पाठ करायचे. १८९७ साली तेच लंडनला वेल्बी कमिशनपुढं साक्षीला उभे राहिले, आणि १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात सरकारचं बजेट त्यांनी आकडे मांडून सोलून काढलं. तू कौन्सिलात जावंस असं मी म्हणत नाही. ओरलला बाईंना उत्तर दे, एवढंच.

आणि अगदीच अडलं तर विचारावं, 'मॅडम, मे आय से इट फर्स्ट इन मराठी?' त्या काही खाणार नाहीत. एखादी ओरडेल. पण गप्प बसलीस तर समोरच्याला वाटतं हिला येतच नाही. आणि छकुली, गप्प बसायची सवय फार लवकर लागते. घरात मला तुम्ही सगळे कमी बोलणारा म्हणता ना? मी लहानपणी तसा नव्हतो, आजीला विचार.

फार बोललो. डेअरीवरून आलो तेव्हा डोकं फिरलं होतं, आता जरा उतरलंय. दिवाळीत तू नुसती मोबाइलमध्ये तोंड घालून बसलीस म्हणून मी दोनदा खेकसलो. तुझ्या मनात काय चाललंय ते विचारायला हवं होतं. होस्टेलवर रात्री रडतेस का गं? मेसचं जेवण जातं का? काकीनं शेंगदाण्याचे लाडू बांधलेत, डबा वरच्या आळीच्या मुलीबरोबर पाठवतोय. तिच्यावर चिडू नकोस, तिनं आईला काळजीनंच सांगितलं. तिचंही इंग्रजी तुझ्यापेक्षा फार चांगलं आहे असं नाही, दोघी मिळून बोलून बघा. पहिल्यांदा हसाल. हसा.

कापणी उरकली, झोडणी चालू आहे. इंद्रायणी भात यंदा बरा उतरला. शनिवारी आलीस तर नवा तांदूळ शिजवू. एका ओरलमध्ये गप्प बसलीस म्हणून तुझं नाव कुणी कापलेलं नाही. आणि सगळं करूनही कॉलेज नकोच वाटलं तर तसं मला येऊन सांग, मी तुझ्या बाजूनं बोलेन. पण डेअरीवर कळायला नको.

तुझे,
नाना

ता. क. तुझ्या वडिलांना यातलं काही सांगितलेलं नाही. पत्रात काय होतं म्हणून त्यांनी विचारलं तर तांदळाचा भाव कळवला म्हण. डब्याच्या तळाशी कागदात थोडे पैसे गुंडाळलेत, लाडू काढताना फेकून देऊ नकोस.