स्पेलचेकरला न सापडणाऱ्या चुका

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. “मार्क बरे आहेत हो, पण इंग्रजी कच्चं आहे. कुठला क्लास लावू?” कच्चं म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की उत्तर मिळतं, चारचौघांत बोलताना अडखळतो. अडखळू द्या. नोकरीत चार माणसांत वावरला की जीभ आपोआप सैल होते. त्याने लिहिलेलं इंग्रजी मात्र घरात कुणी कधी वाचलेलं नसतं, आणि नोकरीच्या दारात त्याच्याआधी तेच जाऊन उभं राहतं.

नमुन्यादाखल नोकरीच्या अर्जाचा एक ईमेल घ्या. विषयाची ओळ कोरी. सुरुवात ‘रिस्पेक्टेड मॅनेजर’, पण घाईत मॅनेजरच्या स्पेलिंगमधला दुसरा ‘ए’ गळालेला. उरलेल्या शब्दाचा अर्थ गुरांची गव्हाण! स्पेलचेकर गप्प, कारण गव्हाणही शब्दकोशात आहे. पुढे ‘मायसेल्फ अमुक तमुक’. मग ‘आय ॲम पास्ड आउट इन २०२३’. हे वाचून परदेशातल्या साहेबाला वाटावं, पोरगं चक्कर येऊन पडलं होतं. त्याखाली ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स’. शेवटी ‘रिझ्युमे जोडला आहे’ आणि जोडलेलं काहीच नाही. एकाच जागेसाठी ढिगाने अर्ज आलेले असले की असा अर्ज पुढे वाचायचे कष्ट कोण घेणार?

यातल्या बऱ्याच चुका आळसातून आलेल्या नाहीत, त्या मराठीतून आल्यात. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो, एका ‘पासून’वर दोन्ही भागतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि कालावधी मोजायचा तर ‘फॉर’. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येऊन बसतो. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ मराठीत नाहीतच, तेव्हा कुठे गाळायचे आणि कुठे घालायचे हे कानाला कळत नाही. मुलाला हे एकदा नीट दाखवलं की तो स्वतःच्या चुका स्वतः पकडू लागतो. ‘तुझं ग्रामर वीक आहे’ एवढंच ऐकवलं तर काहीच पकडत नाही.

स्पेलिंगचंही तेच. चुका ठरावीक शब्दांत होतात. ‘सेपरेट’मध्ये ‘पी’नंतर ‘ए’ हवा, मुलं ‘ई’ लिहितात. ‘ॲकोमोडेशन’मध्ये ‘सी’ दोन आणि ‘एम’ही दोन. ‘मेंटेन’चं ‘मेंटेनन्स’ होताना दुसरं ‘एआय’ जाऊन नुसता ‘ई’ राहतो. असे पन्नासेक शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढले तरी पुष्कळ काम होतं. ‘कलर’मध्ये ‘यू’ घालायचा की नाही यावर मात्र डोकं शिणवू नये. ब्रिटिश किंवा अमेरिकन, दोन्ही चालतात. एका अर्जात दोन्ही नकोत, एवढंच.

इंग्रजीचा दर्जा घसरला, अशी हळहळ मला पूर्णपणे पटत नाही. पूर्वी इंग्रजी मोजकी माणसं लिहीत, आज डिलिव्हरीच्या तक्रारीपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळे लिहितात. चुका दिसणारच. खटकतं ते वेगळं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. तरी रजेचा साधा अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहिताना पेन अडतं, कारण त्या दहा वर्षांत निबंध पाठ केलेले असतात आणि पत्रं गाईडमधून उतरवलेली. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी वाक्यांचं इंग्रजी करून हात बसवला. पद्धत कंटाळवाणी होती खरी, पण त्यात वाक्य स्वतःला रचावं लागे.

याची किंमत कुठे मोजावी लागते? बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) व्हायचं असेल तर आयबीपीएसच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा वर्णनात्मक पेपर असतो: २५ गुण, ३० मिनिटं, कॉम्प्युटरवर टाइप करायचा. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत देता येते, तरी ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर चुकत नाही. त्यात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळाले नाहीत तर निबंध आणि सामान्य अध्ययनाचे पेपर विचारातच घेतले जात नाहीत. तितक्याच गुणांचा, तीच अट असलेला भारतीय भाषेचा पेपरही असतो, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना धास्ती त्याची असते. वकिलीत तालुक्याच्या कोर्टात मराठीवर निभावतं, पण मुंबई उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. आयटीत कोड कितीही चोख असो, परदेशातल्या क्लायंटला काय बिघडलं हे पाच ओळींत लिहून कळवावंच लागतं. एआयकडून ईमेल दुरुस्त करून घेता येतो, घ्यावाही. परीक्षेच्या हॉलमध्ये एआय सोबत नसतो.

म्हणून क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी विचारा: आठवड्याला मुलाने लिहिलेली किती पानं तपासून परत देता? ‘आम्ही स्पीकिंगवर भर देतो’ असं उत्तर आलं तर लिहिण्यासाठी तो क्लास उपयोगाचा नाही. घरच्या घरी करायचं तर वर्तमानपत्रातल्या मराठी बातमीचा एक परिच्छेद इंग्रजीत लिहायला सांगा. दोन दिवसांनी, मूळ न बघता, त्याचं पुन्हा मराठी करायला लावा. अर्थ जिथे हलला तिथे बोट ठेवा. त्यासाठी आईवडिलांना इंग्रजी यायलाच हवं असं नाही, मराठी पुरतं. बँकेची तयारी करणाऱ्यांनी हेच कीबोर्डवर करावं, घड्याळ लावून आणि ऑटोकरेक्ट बंद ठेवून.