'ट्रोल' ह्या शब्दाचा अर्थ

हल्लीं वर्तमानपत्रांत आणि विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत 'ट्रोल' हा शब्द वारंवार आढळतो. अमक्याला ट्रोल केलें, म्हणजे त्याला शिव्या दिल्या, त्याची टर उडविली, कीं नुसती त्याच्या लिहिण्यांतील चूक दाखविली, हें त्यावरून मुळींच कळत नाहीं. शब्द इतका सैल झाला म्हणजे त्याचें मूळ तपासावें लागतें. तेंच काम येथें थोडक्यांत करण्याचा आमचा विचार आहे.

नॉर्वेच्या लोककथांत ट्रोल नांवाचा एक कुरूप राक्षस आहे. तीन बोकडांच्या गोष्टींत तो पुलाखालीं दबा धरून बसतो व वरून जाणाऱ्यास अडवितो. इंटरनेटवरील उपद्रवी माणसास हें नांव ह्या राक्षसावरून मिळालें, असें पुष्कळांस वाटतें. आणि आज त्या नांवावर राक्षसाची छाया पडली आहे, हें खरेंच. परंतु क्रियापदाचा उगम कोळ्याच्या होडींत शोधावा लागतो. इंग्रजींत चालत्या होडीमागें आमिष लावलेला गळ पाण्यांतून ओढीत नेण्यास ट्रोल करणें म्हणतात. (आमच्या किनाऱ्यावर जाळें ओढणारे ट्रॉलर दिसतात, तो शब्द निराळा, दोहोंची गल्लत करूं नये.) ह्या रीतींत कोळी माशाच्या मागें लागत नाहीं. आमिष जिवंत असल्यासारखें हालत राहतें, आणि मासा आपण होऊन झडप घालतो.

आतां हा गळ चर्चेंत कसा शिरला तें पाहूं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या दोघां विद्यार्थ्यांनीं १९७९ सालीं 'यूझनेट' नांवाची योजना आंखली. संगणक एकमेकांस जोडून दूरदूरच्या लोकांनीं विषयवार लेखी चर्चा करावी, असा तिचा हेतु होता. पुढें तींत शहरांत पसरणाऱ्या दंतकथांची छाननी करणारा एक गट निघाला. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथील जुने सभासद एक खेळ खेळत. चघळून चोथा झालेला प्रश्न, किंवा उघडउघड चुकीचें विधान, एखाद्यानें गंभीरपणें मांडावयाचें; जुने लोक ओळखून गप्प राहत, आणि नवखा मात्र मोठ्या आवेशानें दुरुस्ती करावयास धांवे. झाला गळाला मासा! दर सप्टेंबरांत विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यामुळें माशांस तोटा नव्हता.

ह्या खेळांतच शब्दाचा खरा अर्थ आहे. शिवी देणारा माणूस रागावलेला असतो. टीकाकाराला स्वतःचें मत असतें. ट्रोलाला ह्यांपैकीं कांहींच नसतें. समजा, आंबा बागायतदारांच्या व्हॉट्सअॅपवरील गटांत कोणी भोळेपणानें विचारलें कीं, हापूसच्या कलमांना समुद्राचें पाणी घातलें तर चालेल काय? एकजण कळकळीनें समजावतो, दुसरा विचारणाऱ्याच्या अकलेचा उद्धार करतो, तिसऱ्याला तो दुसरा उद्धट वाटतो, आणि घटकाभरांत देवगडचा हापूस श्रेष्ठ कीं रत्नागिरीचा, ह्यावर लढाई जुंपते. विचारणारा दूर बसून हंसत असतो. त्याला ना कलमें, ना आंबा! मराठींत 'खाजवून खरूज काढणें' आहे, 'कळ लावणें' आहे. परंतु प्रामाणिकपणाचें सोंग हा जो ट्रोलाचा विशेष, तो त्यांत पुरता येत नाहीं.

ह्या सोंगानें होणारें नुकसान दिसतें त्याहून मोठें आहे. ज्युडिथ डोनाथ ह्या अमेरिकन विदुषींनीं १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दाखविलें कीं, चर्चा भरकटते व चुकीचा सल्ला पसरतो, एवढ्यावरच भागत नाहीं. एकदां पोळलेल्या गटांत खऱ्या अजाण माणसाचा साधा प्रश्नहि सोंग समजून झिडकारला जातो. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पृथ्वी गोल आहे तर खालच्या बाजूचीं माणसें पडत कां नाहींत, असें पांचवींतला मुलगा विचारतो, तेव्हां त्याचे डोळे पाहून आम्हांस कळतें कीं तो खरोखरच अडला आहे. वात्रट मुलगा तोच प्रश्न विचारतो, तेव्हां मागच्या बांकावर खसखस पिकलेली असते. लेखी चर्चेंत डोळे नाहींत, आवाज नाहीं, मागचा बांकहि नाहीं. तेथें विश्वास हेंच भांडवल. ट्रोल तें उधळतो, आणि किंमत पुढच्या अजाण माणसास द्यावी लागते.

हें करतो कोण? २०१४ सालीं कॅनडांतील मानसशास्त्रज्ञांस असें आढळलें कीं ज्यांना ट्रोल करण्यांत आनंद वाटतो, त्यांच्यांत परपीडेनें सुखावण्याची वृत्ति अधिक असते. हें वाचून 'आमचा मुलगा त्यांतला नव्हे' असें म्हणत पालकांनीं निर्धास्त होऊं नये. २०१७ सालीं स्टॅनफर्ड व कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनीं ६६७ लोकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहींना आधीं सोपी चाचणी दिली, कांहींना अवघड. मग सर्वांना एका लेखाखालील चर्चेंत अभिप्राय लिहावयास सांगितलें. कांहींच्या पुढें आधींचे अभिप्राय सभ्य होते, कांहींच्या पुढें वाह्यात. सोपी चाचणी व सभ्य चर्चा लाभलेल्यांचे शेंकडा ३५ अभिप्राय उपद्रवी ठरले. अवघड चाचणी व वाह्यात चर्चा वाट्यास आलेल्यांचे शेंकडा ६८. (ह्या संशोधकांनीं शिवीगाळहि ट्रोलांतच धरली आहे, शब्द सैल झाला तो असा.) मन विटलेलें आणि समोर वाईट उदाहरण, एवढेंच पुरलें. परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या हातीं फोन असतो, हें येथें आठवतें.

न पटणारें बोलणारा प्रत्येक माणूस मात्र ट्रोल नव्हे. २०१२ सालीं पालघरच्या एका तरुणीनें मुंबई बंदविषयीं फेसबुकवर लिहिलें, दुसरीनें तें पसंत केलें, म्हणून दोघींस अटक झाली. त्यांनीं गळ टाकला नव्हता. वाटलें तें लिहिलें होतें. ह्या प्रकरणानें गाजलेलें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. त्रास, गैरसोय असल्या मोघम शब्दांवर गुन्हा उभारतां येत नाहीं, असा त्याचा अभिप्राय पडला. धमकी व बदनामी हे गुन्हे आहेतच.

ट्रोलावर जुना उपाय म्हणजे उत्तर न देणें. तो चांगला आहे, परंतु त्यांत खऱ्या अजाणाचीहि उपेक्षा होते. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितों कीं आधीं एक साधा उलट प्रश्न करावा: आपली बाग कोठें, कलमें किती वर्षांचीं? ज्याला अडचण आहे तो तपशील देतो. ट्रोल बहुधा विषय बदलतो किंवा चिडवूं लागतो. तपशील आला, तर त्याला खुशाल सांगावें कीं खारें पाणी आंब्याच्या मुळांस मानवत नाहीं.