परराज्यातली स्कॉलरशिप: आधी वजाबाकी कर

अरे बाळा, लेकीला दक्षिणेतल्या एका सरकारी विद्यापीठाचं पत्र आलंय, त्यात ठळक अक्षरांत साठ हजार डॉलर लिहिलेत, हे सांगताना तुझा आवाज भरून आला होता. पोरगी हुशार आहे, तिचं कौतुक करच. पण इथे एडिसनमध्ये आपल्या लोकांची किती पोरं कॉलेजला गेलेली पाहिलीत मी, म्हणून आत्याचं थोडं ऐक.

साठ हजार हा चार वर्षांचा आकडा आहे. वर्षाचे झाले पंधरा. आता समज, तिथल्या राज्यातल्या मुलाला फी बारा हजार आणि बाहेरच्याला चौतीस. पंधरा वजा गेले तरी तू एकोणीस भरणार, म्हणजे तिथल्या पोरापेक्षा सात हजार जास्त. सूट देऊनही विद्यापीठ फायद्यात. अलाबामा विद्यापीठाने २००३ साली रॉबर्ट विट अध्यक्ष झाल्यावर हाच रस्ता धरला, देशभर भरतीची माणसं नेमली; आज तिथे निम्म्याहून जास्त विद्यार्थी परराज्यातले आहेत. २००८च्या मंदीत राज्यांनी अनुदानं कापली, तेव्हा बाकीचेही त्याच वाटेने निघाले. बर्कली किंवा मिशिगनला मात्र पूर्ण फी भरणारे बाहेरून आपणहून येतात, म्हणून तिथे अशी सूट क्वचितच मिळते. त्यांच्या भरवशावर बसू नका.

मला यात एक गोष्ट फार सलते. हा पैसा गुण बघून वाटतात, गरज बघून नाही. त्याच राज्यातल्या गरीब घरातल्या पोराला फीचे दोन-तीन हजार कमी पडतात आणि त्याचं कॉलेज राहून जातं. तू सूट नाकारावीस असं मी म्हणत नाही, पण लेकीला हा व्यवहार नीट समजावून सांग. तिला कळायला हवं.

आता पत्राच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरं वाच. खरी मेख तिथे असते. स्कॉलरशिप टिकवायला बहुतेक ठिकाणी ३.० च्या आसपास जीपीए लागतो. शाळेत पहिली आलेली पोरंही इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसमध्ये त्याखाली घसरलेली मी पाहिलीत. घसरली तर सावरायला एक सेमिस्टर देतात का, की लगेच बंद करतात? रक्कम ठरलेली आहे की फीच्या टक्क्यांत? ठरलेली असेल तर दरवर्षी वाढणारी फी तुझ्या खिशातून जाणार. आठच सेमिस्टर मिळणार असेल तर डबल मेजरचा नाद परवडेल का, तेही बघ. हॉस्टेल, जेवण, नेवार्कहून विमानाची तिकिटं धरून चार वर्षांचा एकूण खर्च काढ आणि रटगर्सच्या शेजारी मांड. तशाच तोडीच्या दुसऱ्या विद्यापीठाने जास्त देऊ केलं असेल तर ते पत्र जोडून रक्कम वाढवून माग. मागायला लाजू नकोस.

फिनिक्सच्या ताईलाही कळव: पश्चिमेकडच्या राज्यांची वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज योजना आहे. तीत सामील असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या मुलाला जास्तीत जास्त तिथल्या फीच्या दीडपट लागते. सगळी विद्यापीठं आणि सगळे विषय मात्र त्यात नसतात.

धाकटा आता दहावीत आहे ना? अकरावीच्या ऑक्टोबरची पीसॅट परीक्षा त्याला मनावर घेऊ दे. तिच्यावरूनच नॅशनल मेरिट स्कॉलरशिपची निवड सुरू होते; त्या गणनेत वाचन-लेखनाचे गुण दुप्पट धरतात आणि आपली पोरं नुसता गणिताचाच क्लास लावतात. त्यातून न्यू जर्सीचा कटऑफ देशात सर्वांत वरच्यांपैकी. त्याच्या हातात रोज इंग्रजी पुस्तक दिसू दे.

शेवटचं आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, लेक एच-फोर या आश्रितांच्या व्हिसावर आहे. तिला फाफ्सा भरून केंद्राची मदत मिळणार नाही, म्हणजे या स्कॉलरशिपचाच मोठा आधार. ती एच-फोरवाल्यांना लागू आहे का, आणि एकवीस वर्षं पूर्ण होऊन एच-फोर संपला आणि विद्यार्थ्यांचा एफ-वन व्हिसा घ्यावा लागला तर चालू राहील का, हे स्कॉलरशिप ऑफिसला ईमेलने विचार. फोनवर कुणी ‘हो हो’ म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नकोस, लेखी उत्तर घे. ते आलं की मग १ मेच्या आत डिपॉझिट भर.