स्थिर विजेचे हेडफोन व त्यांस जोडावयाचें वर्धक यंत्र

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांत आंधळगाव हें कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमागासाठीं नांवाजलेलें गांव आहे. विद्युच्छास्त्राच्या पहिल्याच धड्यांत काचेची कांडी रेशमानें घांसून तिनें कागदाचे कपटे उचलावयाचे असतात. त्या प्रयोगासाठीं आंधळगावच्या मुलांस रेशीम शोधावयास दूर जावें लागत नाहीं. हिंवाळ्यांतील कोरड्या हवेंत कोशाचा तुकडा काचेवर जोरानें घांसावा, म्हणजे कपटे उडून कांडीस चिकटतात. हाच प्रयोग पावसाळ्यांत बहुधा फसतो. तो कां फसतो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

विजातीय विद्युद्भार एकमेकांस ओढतात व सजातीय एकमेकांस लोटतात. ह्या ओढीचें मोजमाप कूलोंब नामक फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८५ सालीं नियमांत बसविलें. ह्याच ओढीवर चालणारे हेडफोन जपानांतील स्टॅक्स कंपनीनें १९६० सालीं बाजारांत आणले. संगीताची आवड असलेल्या घरांतून आतां त्यांविषयीं पृच्छा होते, म्हणून मिळकत बेताची असल्यास ते कसे निवडावे, ह्याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

साध्या हेडफोनमध्यें लोहचुंबकाजवळ तारेचें एक वेटोळें असतें. तें पडद्यास चिकटविलेलें असल्यामुळें त्याचें वजन पडद्यास वाहावें लागतें. स्थिर विजेच्या हेडफोनमध्यें वेटोळेंच नाहीं. एक-दोन मायक्रॉन जाडीचा, विद्युद्वाहक लेप दिलेला पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्यें ताणून बसविलेला असतो. मनुष्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, ह्यावरून त्या पडद्याच्या पातळपणाची कल्पना यावी. पडद्यावर उच्च दाबाचा विद्युद्भार कायम ठेवतात. संगीताचा दाब दोन्ही पत्र्यांवर उलटसुलट पडूं लागला, कीं एक पत्रा पडद्यास ओढतो व दुसरा लोटतो. बल एका ठिकाणीं न लागतां सबंध पडद्यावर सारखें लागतें आणि पडदा जवळजवळ हवेइतकाच हलका असतो. त्यामुळें तो बारीकांतील बारीक कंपही सोडीत नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ह्या हेडफोनांतून ऐकावी. एका तारेंतून स्वरांची जी झालर उठते, ती येथें सुटी सुटी कानीं पडते.

आतां खर्चाकडे वळूं. हे हेडफोन रेडिओच्या किंवा मोबाइलच्या साध्या छिद्रांत लावून चालत नाहींत. त्यांस पडद्यावरील मूळ दाब व पत्र्यांवरील शेंकडों व्होल्टांचा दाब, असे दोन्ही देणारें स्वतंत्र वर्धक यंत्र लागतें. केवळ हेडफोनची किंमत पाहून मन वळवूं नये. दोहोंची बेरीज हीच खरी किंमत समजावी.

जोडी जुळविण्यांत पहिली गोष्ट मूळ दाबाची. स्टॅक्सच्या जुन्या हेडफोनांस २३० व्होल्ट लागत व त्यांच्या खुंटीस सहा दांडे असत. पुढील प्रकारास ५८० व्होल्ट लागतात आणि त्याच्या खुंटीस पांच दांडे असतात. पांच दांड्यांची खुंटी सहा छिद्रांच्या जागीं बसते, मात्र आवाज लहान येतो; सहा दांड्यांची खुंटी पांच छिद्रांत शिरतच नाहीं, म्हणून जुना पडदा जादा दाबापासून वांचतो. अमेरिकेच्या कॉस कंपनीची खुंटी अगदींच निराळी आहे. अर्थात् एकाचा हेडफोन व दुसऱ्याचें यंत्र स्वस्त मिळालें म्हणून घेऊन येणारा मनुष्य बहुधा तिसऱ्या खर्चांत पडतो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या जोराची. येथें दुकानदाराच्या शब्दापेक्षां गणित बरें. स्टॅक्सच्या एसआर-एल३०० ह्या हेडफोनांत १०० व्होल्टांस १०१ डेसिबल आवाज होतो. एसआरएम-२५२एस हें त्यांचें लहानसें यंत्र जास्तींत जास्त २८० व्होल्ट देतें. दाब २.८ पट झाला म्हणजे आवाज सुमारें ९ डेसिबलांनीं वाढतो. म्हणजे ह्या लहान यंत्रानेंही ११० डेसिबलांपर्यंत जातां येतें. इतका आवाज हवा कोणास? जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांनीं आठवड्यास ४० तास ऐकावयाचें तर ८० डेसिबलांवर जाऊं नये. लहान मुलांसाठीं ती मर्यादा ७५ आहे. ८० डेसिबलांस वरील हेडफोनांत अवघे ९ व्होल्ट पुरतात! गाण्यांत मधूनच येणाऱ्या उसळीस त्याच्या दहापट दाब लागला, तरी ९० व्होल्ट झाले. एवढ्यासाठीं ज्यांस कर्ज काढावें लागेल, त्यांनीं मोठ्या यंत्राचा मोह धरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एक बारकावा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं. हा हेडफोन विद्युद्दृष्ट्या धारित्र, म्हणजे कंडेन्सर, आहे. त्याची धारकता तारेसह ११० पिकोफॅरड धरल्यास १०,००० कंपनांस विरोध सुमारें १,४५,००० ओहम येतो आणि १,००० कंपनांस त्याच्या दहापट. स्वर जितका उंच, तितका प्रवाह अधिक लागतो. साधी तार जोडून दोरी लांबविली, तर धारकता वाढून हा भारही वाढतो. सबब दोरी मूळचीच ठेवावी.

पहिल्या खरेदीस एकाच कारखान्याची जुळलेली जोडी घेणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. वरील दोन वस्तूंची जोडी अशीच आहे. कॉसच्या ईएसपी/९५एक्स ह्या हेडफोनाबरोबर यंत्र येत असे, व एका अमेरिकन विक्रेत्यानें तो संच सुमारें ५०० डॉलरांस विकला होता. तिसरी वाट जुन्या सामानाची. घरीं लाउडस्पीकर चालविणारें चांगलें वर्धक यंत्र असेल, तर स्टॅक्सच्या एसआरडी-७ सारखी पेटी त्याच्या स्पीकरच्या तारांस जोडून जुन्या २३० व्होल्टी हेडफोनांचें काम भागतें. मात्र जुनी वस्तू न ऐकतां घेऊं नये. निदान अर्धा तास चालूं ठेवून दोन्ही कानांतील आवाज सारखा आहे कीं नाहीं, हें पाहावें. एक बाजू हळूहळू मंद होत गेली, तर किंमत कितीही उतरली तरी परतावें.

जपानांतून वस्तू मागविणारांस आणखी एक इशारा. तेथें घरगुती वीज १०० व्होल्टांची, आपल्याकडे २३० व्होल्टांची. तेथील बाजारासाठीं केलेलें यंत्र येथें सरळ लावलें, तर जळून जाण्याचा धोका. एसआरएम-२५२एस १२ व्होल्टांच्या निराळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालतें, म्हणून तेथें केवळ अ‍ॅडॅप्टर योग्य आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें लागतें. यंत्राचें झाकण मुलांनीं कधींही उघडूं नये. आंतील शेंकडों व्होल्ट जिवावर बेततात.

इतकें सांगूनही कांहीं घरांस आम्ही हे हेडफोन घेऊंच नका म्हणूं. ह्या जातीचे बहुतेक हेडफोन पाठीमागून उघडे असतात. आंतील गाणें खोलीभर ऐकूं येतें व बाहेरचा आवाज बिनअटकाव आंत येतो. ज्या घरांत दिवसभर मागाची खटखट चालते, तेथें जवारीचे बारकावे धोट्याच्या आवाजांत बुडणारच. अशा ठिकाणीं पाठ बंद असलेला साधा हेडफोन थोड्या पैशांत अधिक सुख देईल. तसेंच ज्यांचा संग्रह मुख्यतः जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरविलेला आहे, त्यांस गायकाइतकीच सुईची खरखरही स्पष्ट ऐकावी लागेल.

राहिला पावसाळा. ओलसर हवेंत काचेवरील भार जसा गळून जातो, तसाच पडद्यावरीलही गळतो. कानांत चरचर होते किंवा एक बाजू दबते. ऐकणें झालें कीं हेडफोन धूळ न शिरणाऱ्या डब्यांत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. चरचर सुरू झालीच, तर दुरुस्तीस धाडण्यापूर्वीं त्यास दोन दिवस त्याच डब्यांत कोरडा होऊं द्यावा. उन्हांत मात्र वाळवूं नये.