नाण्यावर उरलेला म्हातारा

अमेरिका म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्क, टेक्सास, कॅलिफोर्निया एवढंच आठवतं. एम.एस.साठी आपण युनिव्हर्सिट्यांच्या याद्या पाठ करतो, पण तिथल्या छोट्या राज्यांची नावंही धड सांगता येत नाहीत. आज अशाच एका राज्याची ओळख करून घेऊ. मला ते आवडलं त्याच्या एका नाण्यामुळे.

थोडक्यात माहिती

राज्य : न्यू हॅम्पशायर (अमेरिकेच्या ईशान्येला)
राजधानी : कॉनकॉर्ड
सर्वांत मोठं शहर : मँचेस्टर
लोकसंख्या : सुमारे १३ लाख ७७ हजार (२०२० ची जनगणना)
टोपणनाव : ग्रॅनाइट स्टेट
पक्षी : पर्पल फिंच
फूल : जांभळा लायलॅक
झाड : पांढरा बर्च
ब्रीदवाक्य : स्वतंत्र जगा, नाहीतर मरा

हे ब्रीदवाक्य स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी जनरल जॉन स्टार्क यांच्या १८०९ च्या संदेशातून घेतलंय. अमेरिकेची राज्यघटना लागू व्हायला १३ पैकी ९ राज्यांची मंजुरी हवी होती. ते नववं राज्य म्हणजे न्यू हॅम्पशायर, तारीख २१ जून १७८८.

नाणं

१९९९ ते २००८ या दहा वर्षांत अमेरिकेने दरवर्षी पाच राज्यांची क्वार्टर नाणी काढली. क्वार्टर म्हणजे पाव डॉलर, आपल्या जुन्या चार आण्यांचा भाऊच म्हणा ना! न्यू हॅम्पशायरचं नाणं २००० साली आलं. त्यावर ब्रीदवाक्य आहे, नवव्या क्रमांकाचे नऊ तारे आहेत आणि एका म्हाताऱ्याचा चेहरा आहे.

हा म्हातारा कोणी पुढारी नव्हे. फ्रँकोनिया नॉच या खिंडीतल्या कॅनन माउंटनच्या कड्यावर ग्रॅनाइटचे थर असे पुढे आले होते, की बाजूने बघितलं तर कपाळ, नाक, हनुवटी स्पष्ट दिसायची. उंची सुमारे १२ मीटर! १९४५ मध्ये तो राज्याचं अधिकृत चिन्ह झाला.

इंजिनिअरिंग कुठे आलं?

भेगांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं आणि भेग रुंदावतं. दर हिवाळ्यात हेच. म्हणून १९१६ पासूनच कपाळाच्या दगडांना लोखंडी आधार दिले होते. १९५८ मध्ये पोलादी सळया, टर्नबकल आणि सिमेंट वापरून मोठी दुरुस्ती झाली. पुढे नील्स नील्सन आणि त्यांचा मुलगा डेव्हिड दोरांवर लटकून भेगा तपासायचे, भरायचे.

तरीही ३ मे २००३ रोजी म्हातारा कोसळला. नाणं येऊन तीन वर्षंही झाली नव्हती.

मग सगळी मेहनत फुकट गेली का? मला तसं वाटत नाही. निसर्गाला कायमचं थांबवता येत नाही, पण वेळ मिळवता येतो. त्या सळयांमुळे आणि त्या बापलेकांमुळे आणखी कितीतरी लोकांनी तो चेहरा बघितला. आपल्याला नवीन पूल, नवीन इमारती बांधायची स्वप्नं पडतात. जुन्याच्या भेगा मोजायचं स्वप्न कोणालाच पडत नाही. पण तेही इंजिनिअरचंच काम आहे.

डोंगरावर त्याची प्रतिकृती बांधली नाही. २०११ मध्ये पायथ्याशी पोलादी खांब उभे केले. ठरलेल्या जागी उभं राहून बघितलं, की खांबाच्या कडेमुळे कड्यावर पुन्हा तोच चेहरा दिसतो. किती साधी आयडिया!

तेव्हा तुमचा कोणी दादा किंवा ताई अमेरिकेहून आली, तर चॉकलेटं घ्याच, पण सुट्टी नाणीही उलटून बघा. २००० सालचा म्हातारा सापडला तर जपून ठेवा.