स्तनाची पुनर्रचना आणि किरणोपचार

कर्करोग हा शब्द उच्चारायलाही आपल्याकडे लोक कचरतात. त्यातून तो स्तनाचा असला म्हणजे घरात कुजबुजीपलीकडे बोलणे होत नाही. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, बाई घरी आली, एवढ्यावर विषय मिटवला जातो. परंतु काढलेल्या स्तनाच्या जागी नवा आकार घडवता येतो. त्या आकारावर पुढे किरणोपचार करावे लागले तर काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

सिलिकॉनच्या घट्ट द्रवाने भरलेली पिशवी, म्हणजेच इम्प्लांट, स्तनात बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो या शल्यविशारदांनी केली. ती कर्करोगासाठी नव्हती; पण पुढे तिचा उपयोग स्तन गमावलेल्या स्त्रियांना होऊ लागला. अडचण होती त्वचेची, कारण स्तनाबरोबर तीही पुष्कळशी जाते. त्यावर रॅडोव्हान यांनी १९७० नंतरच्या दशकात उपाय पुढे आणला. आधी रिकामी, फुगवता येणारी पिशवी बसवायची, थोड्याथोड्या दिवसांनी सुईने तीत मिठाचे पाणी भरत जायचे, आणि त्वचा पुरेशी ताणली गेली की ती काढून कायमची पिशवी ठेवायची. गर्भारपणी पोटाची कातडी हळूहळू वाढते, त्यातलाच हा प्रकार.

आता किरणांकडे वळू. स्तन संपूर्ण काढल्यावर किरण कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु रोग काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला असेल, तर छातीच्या भिंतीवर व आसपास त्याच्या पेशी उरण्याचा संभव असतो. डेन्मार्क व कॅनडातील चाचण्यांचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. अशा रुग्णांत किरणोपचारामुळे रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटते, एवढेच नव्हे तर आयुष्यही वाढते, असे त्यांत दिसून आले. म्हणून नव्या स्तनाचा आकार बिघडेल या भीतीने आवश्यक किरणोपचार टाळणे हा शुद्ध घातक व्यवहार होय.

आकार बिघडतो तो कशाने? पुष्कळांची समजूत अशी, की किरणांनी पिशवी वितळते किंवा फुटते. तसे नाही. उपचाराच्या मात्रेने सिलिकॉनला फारसे काही होत नाही. बिघाड होतो तो तिच्याभोवतीच्या जिवंत भागात. कोणतीही परकी वस्तू शरीरात ठेवली की शरीर तिच्याभोवती कोलॅजन तंतूंचा कोश विणते. एरवी हा कोश पातळ आणि मऊ असतो. किरणांमुळे मात्र बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, तंतू निर्माण करणाऱ्या पेशी चेकाळतात आणि कोश जाड होऊन आवळू लागतो. ओले चामडे वाळताना आक्रसते, तसे समजा. पिशवी आत तशीच मऊ असते, पण बाहेरून हाताला दगड लागतो. या आवळण्याच्या चार पायऱ्या बेकर यांच्या नावाने ओळखल्या जातात: पहिलीत स्तन नैसर्गिक भासतो, तर चौथीत तो कठीण, विरूप व दुखरा होतो. त्वचेचा लालसरपणा काही आठवड्यांत ओसरतो; हे आवळणे मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनी लक्षात येते.

अमेरिका व कॅनडातील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या पाहणीचे आकडे २०१८ साली प्रसिद्ध झाले. किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी पिशवी बसवलेल्यांत दोन वर्षांत ३८.९ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली आणि १८.७ टक्क्यांची पुनर्रचना फसली. स्वतःच्याच पोटाच्या वा पाठीच्या मांसापासून स्तन घडवलेल्यांत हेच आकडे २५.६ आणि १ असे होते. स्वतःचे मांस आपला रक्तपुरवठा घेऊन येते, त्यामुळे ते किरण अधिक सोसते. मात्र ही शस्त्रक्रिया लांबलचक, शरीराला दुसरी जखम करणारी आणि कुशल हात मागणारी आहे. ती सर्वत्र होत नाही. शिवाय वरच्या आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी: पिशवीवर किरण घेतलेल्या पाचांपैकी चार स्त्रियांची पुनर्रचना त्या दोन वर्षांत टिकली.

खरा पेच क्रमाचा आहे. तात्पुरत्या पिशवीवर किरण दिले, तर ती बदलताना आवळलेला कोश कापून सैल करता येतो, परंतु किरण लागलेल्या त्वचेत पुन्हा चाकू चालवावा लागतो आणि जखम न भरण्याचा धोका वाढतो. आधी कायमची पिशवी बसवून मग किरण दिले, तर ही दुसरी जखम टळते. पण कोश आवळला तर तो तसाच राहतो. त्यातही काखेच्या ग्रंथींचा अंतिम अहवाल बहुधा शस्त्रक्रियेनंतरच हाती येतो. म्हणून काही शल्यविशारद तात्पुरत्या पिशवीने केवळ जागा राखून ठेवतात आणि पुढचे किरणोपचारानंतर ठरवतात.

रुग्ण ज्याला ‘लाईट घेणे’ म्हणतात तो उपचार पूर्वी सामान्यतः २५ दिवसांचा, म्हणजे पाच आठवड्यांचा असे. आता तो पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत आटोपतो. पुनर्रचना केलेल्या स्तनालाही हा कमी दिवसांचा उपचार मानवतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २०२४ साली दिसून आले. परगावी खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबाला दोन आठवडे वाचणे लहानसहान गोष्ट नव्हे.

जाता जाता मिश्रीविषयी. आपल्या भागातील कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात, आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरायला वेळ लागतो. तेव्हा प्रश्न विचारताना मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा.