गच्चीवरच्या शेतीचं वर्ष फाल्गुनात सुरू होतं

महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंत पुण्यातले पर्जन्यवृक्ष, पिंपळ आणि देशी बदाम पानं टाकत असतात. सोसायटीत ती झाडून कोपऱ्यात लोटली जातात आणि संध्याकाळी कोणीतरी काडी लावतं. गच्चीवर किंवा बाल्कनीत भाजी लावू पाहणाऱ्यांना माझा पहिला सल्ला याच दिवसांसाठी आहे : काडी लागायच्या आत तो पाचोळा पोत्यांत भरून घरी आणा. निदान दहा पोती तरी. बहुतेक मंडळी पहिल्या पावसानंतर रोपवाटिकेत धावतात. तेव्हा घरात खत नसतं, म्हणून लाल मातीची पोती विकत आणली जातात.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं. गच्चीवर विटांचा वाफा रचला, त्यात फूटभर माती भरली, आणि श्रावणात खालच्या खोलीच्या छताला ओल आली. नंतर हिशेब मांडला तेव्हा पोटात गोळा आला. फूटभर जाडीची ओली माती एका चौरस मीटरवर पाचशे किलोंच्या आसपास भरते. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार असतो साधारण दीडशे किलो. पाचोळ्याचं खत मातीच्या निम्म्याहूनही हलकं, आणि पालेभाजीला सहा-आठ इंचांचा थर पुरतो. कुंड्या आणि क्रेट विटांवर उचलून ठेवा, शक्यतो कडेच्या भिंतींलगत आणि तुळयांच्या रेषेत. पाण्याच्या मोऱ्या मोकळ्या राहू द्या. इमारत जुनी असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला गच्ची दाखवा.

पाचोळ्यावर आणि ओल्या कचऱ्यावर शेती उभी राहते, हे आपल्याकडे कधीच सिद्ध झालंय. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून हीच गोष्ट घरोघरी पोचवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवल्या.

आता प्रत्यक्ष काम. दोनशे लिटरचा जुना ड्रम घ्या, त्याला चारी बाजूंनी आणि तळाला भोकं पाडा. तळाशी काटक्या आणि नारळाच्या शेंड्यांचा चार इंच थर द्या, म्हणजे खालून हवा खेळेल. चौघांच्या घरात रोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो : देठ, साली, चहाचा चोथा. तो टाकला की त्याच्या दुप्पट आकारमानाचा पाचोळा वर पसरा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. बदामाची आणि आंब्याची जाड पानं हातानं चुरून टाका. विरजण म्हणून आंबट ताक किंवा शेणकाला चालतो. आठवड्यातून एकदा खालीवर करा. दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली असं समजा आणि पाचोळा वाढवा. पण चैत्र-वैशाखात आपल्याकडे खत बिघडतं ते बहुधा कोरडं पडून. मूठभर खत आवळून पाहा : बोटांच्या फटीत ओल दिसावी, थेंब मात्र गळू नये. मधोमध हात घातल्यावर ऊब लागली की काम नीट चाललंय. तीनेक महिन्यांत, म्हणजे मृगाच्या तोंडावर, खत तयार होतं. दहा पोत्यांची जेमतेम दोन पोती उरतात, म्हणून आणताना हात आखडू नका.

याच उन्हात निंबोळ्या पडू लागतात. त्या सावलीत वाळवून ठेवा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळली की पाच टक्के अर्क झाला. त्यात साबणाचे चार थेंब टाकून संध्याकाळी फवारा. मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण आटोक्यात राहतात.

पावसाळी लागवडीचं गणित मी ऋषिपंचमीवरून मांडते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही अशी आपली रीत आहे. म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, दोडका, भेंडी, लाल भोपळा, अंबाडी असं हातानं पिकवलेलं, परसातलंच पडतं. गच्ची हे शहरातलं परसच. अळूचे कंद मेच्या शेवटी लावा. भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत आणि दोडका दोन महिन्यांत लागतो. तेव्हा ज्येष्ठात बी टोकलं की भाद्रपदात ताटात येतं.

वरच्या मजल्यांवर एक तक्रार नेहमी ऐकू येते : वेलींना फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. उंचावर परागीभवन करणारे कीटक कमी येतात, तेव्हा ते काम आपण करायचं. ज्या फुलामागे इवलंसं फळ दिसतं ते मादीफूल. नुसत्या देठावरचं नरफूल. नरफूल खुडून त्याचे पुंकेसर मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. वेळ मात्र पाळा. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, काकडी आणि कारलं सकाळी. परागीभवन होऊनही कोवळी फळं पिवळी पडून गळू लागली तर ती बहुधा फळमाशीची करणी असते. अशी फळं खताच्या ड्रममध्ये टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा.

पावसाचं पाणीही साठवा. शंभर चौरस फूट गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला की नव्वद लिटर पाणी येतं. पहिल्या एक-दोन सरी गच्ची धुऊन जाऊ द्या, मग पाइप पिंपात सोडा. पिंपाचं तोंड कापडानं घट्ट बांधा आणि कुंड्यांखालच्या बशा दर आठवड्याला कोरड्या करा. डासांना तेवढंच साचलेलं पाणी पुरतं, आणि आपल्या भाजीपायी शेजारच्या घरात डेंग्यू जाता कामा नये. पुण्यात गांडूळखत, पर्जन्यजल किंवा सौरऊर्जा यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर महापालिका मिळकतकरात पाच टक्के आणि दोन असतील तर दहा टक्के सूट देते. सोसायटीच्या सभेत हा मुद्दा जरूर काढा.

हस्ताचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरचं ऊन चटका देतं. तेवढे पंधरा दिवस रोपं सावलीत राखा, नवं काही पेरू नका. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, चाकवत, मुळा, लसूण. धने पाटीखाली रगडून दोन फोडी करा आणि रात्रभर भिजवून पेरा, कोथिंबीर एकसारखी उगवते. मेथी एकदम न पेरता दर दहा दिवसांनी एक क्रेट पेरली तर संक्रांतीपर्यंत जुडी विकत आणावी लागत नाही. थंडीत काकडीच्या पानांवर भुरीची पांढरी बुरशी दिसली तर आंबट ताक दहापट पाणी घालून फवारा.

गच्चीचं ऊन वाळवणालाही वापरा. उन्हाळ्यात झाडांवर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावीच लागते. तिच्याबाहेरच्या रिकाम्या पट्ट्यात सांडगे, कुरडया, आंबोशी, भरलेल्या मिरच्या वाळतात.

बियाणं घरचंच राखा. वेलीवरचा पहिला चांगला, निरोगी दोडका खायचा मोह टाळा, त्याला तिथेच वाळू द्या. बी काढून चुलीची किंवा शेणीची कोरडी राख चोळून बरणीत भरा आणि वर तारीख लिहा. हळदीची पानं पिवळी पडून माना टाकू लागली की माघात कंद काढा, त्यातले जाड, निरोगी बाजूला ठेवून वाळूत पुरा. अक्षय्य तृतीयेला तेच लावायचे आहेत, आणि कंद पुरून होईतो खाली अंगणात बदामाची पानं पुन्हा लाल होऊन पडायला लागलेली असतील. पोती तयार ठेवा.